जटायू नावाची होडी

मालवणच्या उत्तरेला कोळंबच्या खाडीचे तोंड आहे. तिथल्या बंदरवाडीत साठ सालाच्या आसपास ज्या होड्या होत्या, त्यांच्या नावात कुठला ना कुठला देव असायचाच. रामेश्वरप्रसाद, भगवतीकृपा, सातेरीप्रसन्न, जय महापुरुष. देव नसलेली होडी एकच होती. तिचे नाव जटायू. मालकीण पद्मावती लवू खवणेकर. ती शाळेत गेलेली नव्हती, पण ती तीन अक्षरे तिला लांबून ओळखता यायची.

होडीला पाखराचे नाव देऊ नये असा काही नियम नव्हता. गरुड चालला असता. वाडीने तिला तो देऊही केला होता. पण जटायू नको, यावर सगळ्यांचे एकमत होते. पंख छाटला गेलेले, वाटेत पडून मेलेले पाखरू. त्याचे नाव शिडाच्या होडीला कोण देतो? पद्मावतीने दिले. ते तिने का दिले आणि टिकवण्यासाठी काय केले, त्याची ही हकीकत आहे.

सुरुवात १९५५ च्या मे महिन्यात झाली. काशिनाथ कुबल हा वाडीतला मोठा होडीवाला. त्याच्या दोन होड्या. त्यांतली एक त्याचा धाकटा भाऊ विठोबा घेऊन गेला होता. परत येताना वारा फिरला आणि होडी खाडीच्या तोंडाबाहेरच्या खडपावर चढली. खडप म्हणजे पाण्यात बुडालेला कातळ. भरतीला झाकलेला, ओहोटीला उघडा पडणारा. होडीवरचे बाकीचे पोहत सुटले. विठोबाचा पाय जाळ्यात गुंतला होता. किनाऱ्यावरून तो स्पष्ट दिसत होता.

काशिनाथाची दुसरी होडी किनाऱ्यावर होती. खलाशीही तयार होते. त्याने पाणी बघितले आणि खलाशांना थांबवले. एकापाठी सहा घालवायचे नाहीत, असे तो म्हणाला. त्याचा अंदाज चुकला असे वाडीत आजही कोणी म्हणत नाही. त्या पाण्यात मोठी होडी गेली असती तर फुटलीच असती.

लवू खवणेकराला कोणी विचारले नाही आणि त्यानेही कोणाला विचारले नाही. एकट्याने वल्हवण्याजोगी त्याची लहान होडी होती, ती त्याने लोटली. तो खडपापर्यंत पोचला. विठोबाचे मनगट त्याच्या हातात आले. तेवढ्यात लाटेने होडी कातळावर आपटली आणि लवूचा उजवा हात मध्ये सापडला. पकड सुटली. विठोबा गेला.

लवूला लाटेने पुळणीवर आणून टाकले. तो शुद्धीवर होता. विठोबा खडपाच्या दक्षिणेच्या घळीत गेला आहे, ओहोट लागली की तिथे बघा, एवढे त्याने सांगितले. ओहोटीला विठोबा तिथेच सापडला. काशिनाथाला भावाला अग्नी देता आला.

लवूचा हात डॉक्टरांनी कापला नाही, पण तो कामाचाही राहिला नाही. कोपराखाली वाळत गेला. आणि मग त्याला जटायू हे नाव पडले.

ते पहिल्यांदा कोणी घेतले, यावर दोन मते आहेत. एक असे की, कट्टा गावच्या वैद्यांनी हाडासाठी गुग्गुळाच्या गोळ्या दिल्या आणि देताना म्हणाले, गुग्गुळाला जटायूही म्हणतात. लवूने ते गंमत म्हणून घरी सांगितले आणि वाडीने उचलले. दुसरे मत असे की, त्या वर्षी जत्रेतल्या दशावतारात जटायू झालेल्या नटाचा एक पंख रावणाने हात लावायच्या आधीच गळून पडला, तेव्हा मागून कोणीतरी ओरडला, "लवू रे, तुझो भाव इलो!" दोन्ही गोष्टी घडल्या असतील. नाव मात्र चिकटले.

चिकटले आणि पसरले. वाडीत लवकरच मोडक्या वल्ह्याला जटायू म्हणू लागले. कोणी मोठ्या आवेशात काम हाती घेऊन ते अर्ध्यावर सोडले, तर 'तेचा जटायू झाला' असे म्हणू लागले. दुसऱ्याच्या भांडणात पडून मार खाणारा, तोही जटायू. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या नावाला वाडी नवेनवे अर्थ जोडत होती, आणि त्यातला एकही चांगला नव्हता.

लवूला त्याचे काही वाटत नसावे. तो घरापुढे बसून डाव्या हाताने जाळी विणायचा. जाळ्याचा दोर पायाच्या अंगठ्यात ताणून धरायचा. जाणारा येणारा हाक मारायचा.

"काय रे जटायू, आज उडूक नाय?"

"उडतंय मा. एक पंख वाळत घातलंय."

पद्मावतीला हे खपायचे नाही. "तुमका लाज कशी वाटणा नाय?" ती म्हणायची. "लोक हसतत आणि तुमी तेंच्यावांगडा हसतास!"

"अगो, जटायूच म्हणतत. रावण तर म्हणनत नाय?"

एकदाच ते नाव त्याला लागले. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. ती कुठे टाकायची याची बैठक चालली होती. लवूने काहीतरी सुचवले. काशिनाथ त्याच्याकडे न बघता बाकीच्यांना म्हणाला, "जटायूक काय विचारतास? तेना एकदा हात घातल्यान, ता बघितला आमी."

कोणी हसले नाही. लवू उठून घरी आला. त्यानंतर तो बैठकीला गेला नाही. १९६० मध्ये तापाने गेला.

पद्मावती मासळी विकायची. नवऱ्यामागेही तेच करत राहिली. पण दुसऱ्यांच्या होड्यांवरची मासळी विकण्यापेक्षा आपली होडी हवी, असे तिने ठरवले. घरामागे उंडीची दोन जुनी झाडे आणि एक फणस होता. ती तिन्ही तिने तोडायला लावली. होडी बांधणारे मेस्त परसातच बसले आणि बासष्टच्या पावसाळ्याआधी होडी उभी राहिली. लवूचा धाकटा भाऊ सत्यवान तांडेल होणार, म्हणजे होडी तो चालवणार आणि खलाशी तोच जमवणार, असे ठरले.

बंदरवाडीत होडीचे नाव आधी देवाला सांगतात, मग रंगवतात. पद्मावतीने क्रम उलटा केला. मालवणहून दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस आणला आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या अक्षरांत नाव घालून घेतले. ही चूक होती की मुद्दाम केलेले, हे तिने कधी सांगितले नाही. सत्यवान आला तेव्हा रंग ओला होता.

"वयनी, ह्या काय लिवलंस?"

"तुझ्या भावाचा नाव."

"माझ्या भावाचा नाव लवू."

"वाडीन लवू ठेवल्यान खंय? पाच वरसां जटायू जटायू करीत होते, ता बरा. आता लिवला तर वायट?"

सत्यवान कपाळाला हात लावून बसला. "माका होडी व्हयी गो. पण ह्या नावार खलाशी चढाचे नाय."

खलाशी चढणार की नाही, हे देवळात ठरत होते. कोकणात कुठलेही काम देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणे म्हणजे मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत देवाला केलेली विनंती. गाऱ्हाणे घालणारा एकेक वाक्य म्हणतो, शेवटी 'रे म्हाराजा' अशी ओढ देतो आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. ती साथ मिळाली की विनंती एकट्याची राहत नाही, वाडीची होते. नवी होडी लोटताना तिच्या नावाला ही साथ मिळावी लागते. साथ नसलेल्या होडीवर बंदरवाडीतला माणूस पाय ठेवत नाही.

गाऱ्हाणे घालण्याचा मान दत्ताराम गावकराचा. त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा. त्याने पद्मावतीला देवळात बोलावून घेतले.

"नाव बदल," तो म्हणाला. "पाखरूच व्हया तर गरुड घाल. जटायू ह्या नाव अपशकुनी. छाटलेलो, पडलेलो."

"असा नावात आसा, की तुमी म्हणतास?"

"नावातच आसा."

"बरा. बघतंय विचारून," असे म्हणून ती निघून गेली. बायका वादात हरल्या की असे म्हणतात, असे दत्तारामाला वाटले. पद्मावती खरोखर विचारायला निघाली होती.

तिचा विक्रीचा फेरा ठरलेला होता. सुके बांगडे आणि खारवलेली मोरी मासळी घेऊन ती आणि शेजारची राधाबाई एस.टी.ने कट्ट्याला जायच्या. कंडक्टर मासळीच्या पाट्या टपावर टाकायला लावायचा, त्यावरून राधाबाई त्याच्याशी रोज नव्याने भांडायची. कट्ट्याहून धामापूर, आणि माल उरला तर कुडाळच्या बाजूला पिंगुळी. त्या दिवसांत पद्मावतीने प्रत्येक ठिकाणी मासळी विकल्यावर एकच प्रश्न विचारला.

कट्ट्याच्या वैद्यांनी सांगितले की गुग्गुळाला जटायू म्हणतात, हे खरे आहे. आपण लवूला तसे म्हणालो होतो की नाही, ते त्यांना आठवत नव्हते. गुग्गुळ हा झाडाचा डीक. खोडाला चीर दिली की पाझरतो. देवापुढे धूप म्हणून जळतो, म्हणून त्याचे आणखी एक नाव देवधूप.

"म्हणजे चीर दिल्याबगर गावणा नाय?" पद्मावतीने विचारले.

"चीर दिल्यावर भरपूर मिळतो."

धामापूरला तिने पाटी राधाबाईकडे झाडाखाली ठेवली आणि तळ्याकाठच्या देवळाच्या पायऱ्यांशी जाऊन उभी राहिली. भटजी म्हातारे होते आणि त्यांना वेळ होता. ते म्हणाले, जट म्हणजे दाट, गुंतलेले. आयु म्हणजे आयुष्य. ज्याचे आयुष्य दाट झाले आहे, जो फार जगला, तो जटायू. कोणी म्हणतात, डोक्यावर जटा होत्या म्हणून. अरुणाचा तो मुलगा. अरुण हा गरुडाचा थोरला भाऊ.

"म्हणजे गरुड तेचो काको?"

"काका."

"आणि छाटलेलो असो अर्थ खंय आसा, भटजीनूं?"

"नावात नाही. छाटणे गोष्टीत आहे." मग ते म्हणाले, "आणि बाई, मी सांगितले तेही शेवटचे समजू नका. शब्द आधी असतो, त्याची फोड मागाहून होते. ते पाखरू रानातल्या कुठल्या लोकांचे असेल. त्यांनी त्याला काय म्हणून हाक मारली, ते आपल्याला ठाऊक नाही."

"म्हणजे तुमका ठावक नाय."

"नाही," भटजी म्हणाले.

परतताना राधाबाईने विचारले, "काय सांगल्यानी?"

"ठावक नाय म्हणान सांगल्यानी."

"ह्याच्यासाठी माझे बांगडे उनात सुकवलंस?"

"ते सुकेच आसत गो!"

पिंगुळीला चित्रकथी सांगणारी ठाकरांची घरे आहेत. हाताने रंगवलेली चित्रे एकामागून एक दाखवत ते रामाची कथा सांगतात. तिथल्या एका म्हाताऱ्याने बांगड्यांच्या बदल्यात जटायूचे चित्र बाहेर काढले. पाखरू रावणाच्या रथाएवढे होते आणि रथाचा घोडा त्याच्या चोचीत होता. रावण चित्राच्या कडेला सरकला होता. पद्मावतीने ते बराच वेळ बघितले.

"छाटलेला खंय दाखवलात?" तिने विचारले.

"ता फुडल्या चित्रात. पण आमी तेका पडलेलो म्हणनव नाय," म्हातारा म्हणाला. "सीतेक खंय व्हरल्यान ता कोणाक ठावक होता? ह्याकाच. रामाक वाट ह्याना दाखवल्यान. सांगून मेलो. सांगल्याबगर मरूक नाय."

 चित्र परत कापडात गुंडाळायला पद्मावतीने त्याला मदत केली.

आषाढ संपत आला तेव्हा देवळात दुसरी बैठक झाली. या वेळी काशिनाथ कुबलही आला होता. दत्तारामाने विचारले, "काय गो, गावली काय उत्तरां?"

"गावली. छाटलेलो असो अर्थ नावात नाय. भटजीनी सांगल्यानी."

"नावात नसात, गजालीत आसा. पंख नसलेल्या पाखराच्या नावान शीड उभारतलंस?"

"आमच्या होडयेक उलांडी खयच्या बाजूक आसता?" उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून वाशांनी बाजूला बांधलेला ओंडका. तो एकाच बाजूला असतो.

"एका बाजूक."

"मगे सगळी वाडी एका पंखार दर्यात जाता, ता चलता?"

मागे कोणीतरी हसले. दत्तारामाने तिकडे बघितले, तसे हसणे थांबले.

"गरुड घाल म्हणतंव तर घालूक काय झाला?"

"गरुडान कोणाक सोडवल्यान? आपल्या आवशीक. ता कोणय करीत. जटायू गेलो तो दुसऱ्याच्या बायलेसाठी. तेका काय गरज होती? काकाचा नाव चलता, पुतण्याचा चलणा नाय?"

आता काशिनाथ बोलला. तोपर्यंत तो खांबाला टेकून बसला होता.

"पद्मावती, हे सगळे गजाली रवांदेत. ह्या नाव तू माझ्यासाठी लिवलंस. मी रोज सकाळी दारात उभो रवान बघूचा म्हणान."

"ता नाव तुमी सगळ्यांनीच पाडलास, भावजीनूं. मी नुसता रंगवलंय."

"मी त्या दिवशी माझ्या खलाशांका वाचवलंय. माका लाज नाय तेची."

"तुमी चुकलास असा मी म्हणणंय नाय. पण इठोबा खयच्या घळीत आसा, ता तुमका कोणी सांगल्यान?"

काशिनाथ उठला, चपला घातल्या आणि गेला. तो गेल्यावर बैठकीचा रंग बदलला. अर्ध्या वाडीची पोटे काशिनाथाच्या होड्यांवर होती. दत्तारामाने निकाल दिला. तो गाऱ्हाणे घालणार नाही. आणि या नावाला वाडीतला कोणी 'व्हय' म्हणणार नाही. म्हणणार नाही ना, असे त्याने सगळ्यांना विचारले आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

"मगे गाऱ्हाणा मी घालतंय," पद्मावती म्हणाली.

हे मात्र कोणाला अपेक्षित नव्हते. बाईने गाऱ्हाणे घातल्याचे वाडीत कोणी ऐकले नव्हते.

"बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा?"

"कित्याक? देव बायलमाणसांका बहिरो आसा?"

"घाल तर घाल," दत्ताराम म्हणाला. "साथ कोण देता ता बघूया."

नारळीपौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटायचा दिवस आला. काशिनाथाच्या होड्याही त्याच सकाळी लोटायच्या होत्या, त्यामुळे सगळी वाडी किनाऱ्यावर होती. दत्तारामाने काशिनाथाच्या होड्यांसाठी गाऱ्हाणे घातले, साथ दणक्यात मिळाली. मग पद्मावती आपल्या होडीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या हातात नारळ होता. मागे राधाबाई आणि दोघी-तिघी मासेविक्या. सत्यवान आणि त्याचे तीन खलाशी होडीपासून लांब उभे होते. साथ मिळाली तर चढू, नाहीतर नाही, असे त्यांनी आदल्या दिवशीच तिला सांगितले होते. त्या सकाळी साथ मिळाली नसती तर होडी परसातल्या लाकडांसारखी किनाऱ्यावर पडून राहिली असती.

पुरुष पांगले नाहीत. गंमत बघायला थांबले. हाताची घडी घालून, ओठ मिटून.

पद्मावतीने सुरुवात केली. शब्द पाठच होते. लहानपणापासून सगळ्यांचे असतात.

"बा देवा म्हाराजा, ह्या बंदराच्या राखणदारा, आज तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उभा आसा, तेची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," एकट्या राधाबाईचा चिरका आवाज आला. पुरुष मोठ्याने हसले.

"वरच्या सीमेपासून खालच्या सीमेपर्यंत, खाडयेपासून खडपापर्यंत, जी काय तुझी जागा आसा, ती राखून घे रे म्हाराजा!"

पुन्हा राधाबाई. "खाडी संपली गो, आता थांब!" कोणीतरी ओरडले.

पद्मावती थांबली नाही. तिने आवाज वाढवला नाही की होडीचे नाव घेतले नाही. ती दर्याने नेलेल्या माणसांकडे वळली.

"ह्या दर्यान आमचे जे कोण व्हरल्यान, तेंका तुझ्या पायाकडे जागो दी. दत्तारामाचो आजो गलबतार गेलो तो परत इलो नाय. तेका जागो दी रे म्हाराजा!"

दत्तारामाने आजोबांना बघितलेले नव्हते. पण आजोबांसाठी देवाकडे जागा मागितली जात असताना नातवाने गप्प राहायचे, हे त्याला जमण्यासारखे नव्हते. तो क्षणभर अडखळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पद्मावतीने पुढचे नाव घेतले. मग त्याच्या पुढचे. बंदरवाडीत असे घर नाही, ज्यातला एक माणूस दर्याने नेलेला नाही. ज्याच्या घरातले नाव येई, त्याच्या हाताची घडी सुटे आणि तो 'व्हय' म्हणे. दोन-चार नावांनंतर लोक दुसऱ्यांच्या माणसांसाठीही म्हणू लागले, कारण न म्हणणे वाईट दिसत होते. आणखी काही नावांनंतर तेही मनात राहिले नाही. ओढ आली की साथ जायची. जन्मभर तसेच चालत आले होते.

"काशिनाथाचो भाव इठोबा ह्याच खडपार गेलो. तेका जागो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काशिनाथाचा आवाज सगळ्यांच्या आधी गेला.

"तेका हात देवक गेलो तो लवू. तेका जागो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्या नावाची ही होडी जटायू आज दर्यात लोटतंव, तिका सुखान व्हर आणि सुखान परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा किनारा एका आवाजात म्हणाला.  काय झाले ते सगळ्यांत आधी दत्तारामाच्या लक्षात आले. तो तोंडावर हात ठेवून उभा राहिला. तोपर्यंत पद्मावतीने नाळेवर नारळ फोडला होता.

"ही फसवणूक आसा!" काशिनाथ ओरडला. "आमी मेल्यांसाठी व्हय म्हटला, होडयेसाठी नाय!"

"होडयेसाठीय म्हटलास. मी ऐकलंय," राधाबाई म्हणाली.

"दत्तारामा, परत घे ता!"

दत्तारामाला तो प्रसंग आवडलेला नव्हता. पण गाऱ्हाण्याचे काम त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या होते आणि त्यात काय चालते, काय चालत नाही, हे त्याला माहीत होते. "फसवणूक आसा खरी," तो म्हणाला. "पण देवासमोर दिलेली साथ ती. थुकी नाय, परत गिळूक."

सत्यवान पुढे आला आणि त्याने होडीला खांदा लावला. त्याच्यामागून तिघे खलाशी आले. बाकीचे पुरुष जागेवरच उभे राहिले. देवाला 'व्हय' म्हणणे वेगळे आणि खांदा देणे वेगळे. कमी पडलेले बळ मासेविक्यांनी लावले. राधाबाई पाण्यात पडली, उठली आणि दत्तारामाला उद्देशून जे बोलली, ते छापण्यासारखे नाही. होडी तरंगली.

ती साथ धरायची की नाही, यावर बंदरवाडीत पुढे कित्येक वर्षे वाद झाले. बाईने घातलेले गाऱ्हाणे लागू होते का, असाही एक मुद्दा होता. पद्मावती त्या वादात पडली नाही. होडी रोज जात होती आणि रोज येत होती. कधी भरून, कधी रिकामी, इतर होड्यांसारखीच.

बदलला तो शब्द. मोडक्या वल्ह्याला आणि अर्ध्या कामाला जटायू म्हणणे हळूहळू बंद पडले, कारण ते म्हटले की लोकांना आधी होडी आठवायची. 'जटायू इली काय?' म्हणजे पद्मावतीची मासळी आली का. चौसष्टच्या जत्रेत दशावताराच्या वेळी पुढे बसलेल्या एका मुलीने आईला विचारले की ह्या पाखराला आपल्या होडीचे नाव कसे काय दिले.

सहासष्टमध्ये होडीला नव्याने रंग द्यायची वेळ आली. रंगारी आल्याचे कळताच काशिनाथाने दत्तारामाकरवी निरोप पाठवला. नाव काढा असे तो म्हणत नव्हता. मागे 'प्रसाद' एवढे जोडा, म्हणजे इतर होड्यांत खपून जाईल आणि आपले भांडण मिटले असे आपण समजू.

पद्मावती मोरीच्या तेलाने माखलेल्या हातांनी होडीच्या फळ्या चोळत होती. तिने निरोप पुरा ऐकून घेतला.

"भावजीक सांगा, प्रसाद तेंच्या दोन होडयेंर आसा, तो पुरो." मग ती रंगाऱ्याकडे वळली. "अक्षरां वायच मोठी कर रे. काशिनाथ भावजीची नजर आता कमी झाली आसा. दारातसून दिसाक व्हयी."

रंगाऱ्याने जुनी अक्षरे खरवडली आणि नवी वीतभर उंच काढली.